बॅकहोचं मिसिंग, बॅरलमधलं पाणी आणि टिक मारलेला फॉर्म : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) चिरेखाणींचं, म्हणजे बांधकामाचे चिरे काढायच्या खाणींचं, वर्ष पावसाळा सरला की सुरू होतं आणि मे संपता संपता आवरतं. एकदा पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं, लाल मातीचे रस्ते डंपरला चाकं टेकू देत नाहीत. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मशीन दिवसभर उभं राहिलं तर मालकाच्या पोटात गोळा येतो. हे प्रकरण अशाच एका मे महिन्यातलं. माणसांची, गावाची आणि मशीनच्या कंपनीची नावं काढली आहेत, बाकी घटनाक्रम जसा घडला तसा ठेवला आहे. मी भारी यंत्रांच्या मेकॅनिकांना शिकवणाऱ्यांपैकी एक. यातला काही भाग मी स्वतः पाहिला, उरलेला संबंधितांशी बोलून लिहिला.

मालकाकडे दोन बॅकहो लोडर (पुढे बकेट आणि मागे खोदायचा आर्म असलेली मशीनं), एक पोकलेन (साखळीवर चालणारं खोदायचं मशीन) आणि चार-पाच डंपर आहेत. हायवेलगत त्यांची स्वतःची शेड आहे, तिथे बाहेरच्या गाड्याही दुरुस्तीला येतात. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून आलेली चार मुलं तिथे ॲप्रेंटिस होती. आठवड्यातून दोन दिवस एक प्रशिक्षक येत. शेडचे जुने फिटर म्हणजे काका. त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांचं अर्धं आयुष्य बंदरात बोटींच्या इंजिनांवर गेलं आहे आणि इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर मागे पडतोय हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नाही.

प्रशिक्षकांनी पहिले दोन महिने पाना हातात द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. फक्त तपासणी. रोज सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी त्याच्याभोवती फिरून ऑइल, कूलंट, बेल्ट, होज, पिना-बुश, टायर, नट, डिझेलच्या फिल्टरखालचं पाणी हे सगळं पाहायचं आणि छापील फॉर्मवर खूण करायची. मुलांना हे पटलं नाही. एकजण तोंडावर म्हणाला, "सर, कागद भरान मशीन चालणा नाय." बोलला ते खोटं नव्हतं, पण त्याचा दुसरा अर्थ पुढे निघाला.

अडचण

दोनपैकी नवा बॅकहो २०२१ नंतरचा. एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना बीएस सीईव्ही-४ हे उत्सर्जन मानक लागू झालं आणि या वर्गातल्या मशीनांवर कॉमन रेल इंजिनं सर्रास दिसू लागली. जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनात थोडं घाण डिझेल गेलं तरी ते कुरकुर करत चालत राहतं. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बारच्या पुढच्या दाबानं रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या एका जाड नळीत, उभं असतं आणि इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीवर सरकतात. वंगणाचं काम डिझेलच करतं. त्यात पाणी मिसळलं की वंगण गेलं, गंज आला, आणि इंजेक्टर हप्त्या-दोन हप्त्यांत निकामी.

एप्रिलच्या शेवटी हा बॅकहो मिसिंग करू लागला, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटेनासा झाला. बकेट भरून उचलताना दम तुटायचा, पांढरा धूर यायचा. कंपनीचा टेक्निशियन लॅपटॉप घेऊन आला. रेलचा दाब कमी असल्याचा कोड निघाला, एक इंजेक्टर बदलला, मशीन चाललं. मेच्या मध्यावर तेच दुखणं पुन्हा, दुसरा इंजेक्टर. एक इंजेक्टर म्हणजे पाच आकडी रक्कम, वर टेक्निशियनचं येणं-जाणं. दहा-बारा दिवस गेले आणि मिसिंग परत सुरू. तोवर दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं होतं, वळवाच्या दोन सरी पडूनही गेल्या होत्या.

या सगळ्या काळातले तपासणीचे फॉर्म फाईलला व्यवस्थित लावलेले होते. प्रत्येकावर 'वॉटर सेपरेटर ड्रेन केला', म्हणजे डिझेलमधून वेगळं झालेलं पाणी खालून काढून टाकलं, या रकान्यात टिक.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी शेडमध्ये मालक, प्रशिक्षक आणि काका बसले. मालकाचा पहिला कल सरळ होता : तिसरा इंजेक्टर टाका, आठ-दहा दिवस ढकला, पाऊस लागला की बघू. त्यांच्या बाजूनं विचार केला तर हे मूर्खपणाचं नव्हतं. खाणीतले चिरे उचलायचे होते, गिऱ्हाईकाचा जोता अडला होता आणि भाड्याचा बॅकहो त्या दिवसांत तासाला चढ्या दरानं मिळत होता.

दुसरा पर्याय म्हणजे मशीन ट्रेलरवर चढवून कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपला पाठवायचं. त्यात काम नीट झालं असतं, पण नंबर लागेपर्यंत मे संपला असता.

काकांचा उपाय तिसरा. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करायचा; जो सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. बोटीवर आणि जुन्या ट्रॅक्टरवर पिढ्यान् पिढ्या मिसिंग असंच पकडलं जातं. प्रशिक्षकांनी इथे ठाम नकार दिला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. कॉमन रेलच्या पाइपातून सुटलेली बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत शिरते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, रक्तही फारसं येत नाही, आणि आत डिझेल पसरत जातं. तातडीनं शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो. या धारेसमोर हात न्यायचाच नाही, गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा, आणि तोही लांबून, हे प्रशिक्षकांनी त्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. आता तेच काकांना सांगायचं होतं, मुलांच्या देखत.

त्यांनी काकांना बाजूला नेलं. चुकीचं ठरवलं नाही. या मशीनवर तेच काम लॅपटॉपवरून एकेक सिलिंडर बंद करून होतं, असं सांगितलं. काका थोडे खट्टू झाले. मग बिडी पेटवून जे बोलले त्यानं प्रकरणाला वळण मिळालं. "बोटीर आमी पयला पाणी बघतांव. हय कोण बघणा नाय."

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपली आणि बोट पुन्हा पाण्यात जायची वेळ आली की काका टाकीच्या तळाचं पाणी काढल्याशिवाय सेल्फ मारू देत नाहीत. सड्यावरच्या मशीनला समुद्र लागत नाही, म्हणून ती सवय इकडे आलीच नव्हती.

यातून चौथा पर्याय ठरला. मशीन दोन दिवस बंद. टाकीपासून फिल्टरपर्यंतची डिझेलची वाट प्रशिक्षणार्थी तपासतील, प्रशिक्षक शेजारी उभे राहतील. उच्च दाबाच्या बाजूला सड्यावर हात लावायचा नाही. लाल धुरळ्यात रेलचा एक पाइप उघडला तर पाण्यानं राहिलेलं काम धूळ पूर्ण करेल. तोवर खाणीवर भाड्याचा बॅकहो. मालकांनी होकार दिला, पण दोन दिवस म्हणजे दोनच दिवस, असं बजावून.

तपासणी

सकाळी मशीन सपाट जागी उभं केलं. बकेट आणि मागचा आर्म जमिनीवर टेकवला, चाकांना ओंडके लावले, किल्ली काढली, बॅटरीचा आयसोलेटर बंद केला, स्टिअरिंगला 'काम चालू' अशी पाटी अडकवली. हे सगळं एका मुलानं मोठ्यानं बोलत करायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. यात अर्धा तास गेला. मालक घड्याळाकडे बघत होते.

मग प्रशिक्षकांनी मुलांना वॉटर सेपरेटर दाखवला आणि फक्त विचारलं, "हा शेवटचा कधी उघडला?" खालच्या ड्रेनच्या चकतीवर जांभ्याची लाल धूळ ऑइलच्या ओलीत बसून कडक पापुद्रा झालेली होती. चकती आणि बाऊल यांच्या मधल्या खाचेतही ती अखंड, कुठेही तडा नाही. ती चकती कित्येक आठवड्यांत कोणी फिरवलीच नव्हती. फाईलमधले टिक कुठून आले हे कोणाला सांगायची गरज उरली नाही. मुलं खाली बघत उभी राहिली.

सेपरेटरच्या तळाशी पाण्याची सूचना देणारा सेन्सर असतो. त्याचा कनेक्टर काढून काळ्या टेपनं गुंडाळून ठेवलेला सापडला. ऑपरेटर झारखंडचा, हिंदी बोलणारा. त्याला विचारल्यावर तो सहज म्हणाला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा सारखा लागायचा, आधीच्या ऑपरेटरनं वायर काढून टाकली, दिवा बंद झाला. दोन वेळा टेक्निशियन येऊन गेला, पण या माणसाला कोणीच काही विचारलं नव्हतं.

पुढचं काम बाटल्यांचं. पाण्याच्या तीन रिकाम्या पारदर्शक बाटल्या कोरड्या करून घेतल्या : एक टाकीच्या तळाच्या ड्रेनखाली, एक सेपरेटरखाली, एक खाणीवर डिझेल साठवायच्या बॅरलसाठी. तिन्ही सावलीत ठेवून वाट पाहायची. अर्ध्या तासानं टाकीच्या बाटलीत खाली दोन बोटं पाणी, वर डिझेल, आणि मधल्या रेषेवर तपकिरी बुळबुळीत पडदा. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढतात तेव्हा असा थर येतो आणि तोच फिल्टर चोंदवतो. सेपरेटरच्या बाटलीत जवळपास सगळं पाणीच.

मालकांचा संशय पेट्रोल पंपावर होता. म्हणून पंपावर जाऊन सगळ्यांसमोर नमुना घेतला, डेन्सिटी पाहिली, टाकीच्या काठीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून बुडवली. ग्राहक म्हणून डेन्सिटी तपासून मागता येते, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळलं. पंपाचं डिझेल स्वच्छ होतं.

राहिले बॅरल. दोनशे लिटरचे तीन बॅरल खाणीच्या कडेला उघड्यावर, उभे. बॅरलच्या वरच्या झाकणाला उभी कडा असते, त्यामुळे वर पडलेलं पाणी ताटात साचावं तसं बुचाभोवती थांबतं. दिवसा सड्यावर उन्हानं बॅरल तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या फटीतून बाहेर जाते. संध्याकाळी सर पडली किंवा रात्री दव पडलं की बॅरल गार होतो, आतली हवा आकसते आणि बुचावरचं पाणी आत ओढून घेते. बूच घट्ट दिसत असलं तरी हे होतं. इथे तर बूच सैलच होतं, कारण त्यातून हातपंपाचा पाइप आत सोडलेला. आणि तो पाइप बॅरलच्या तळाला टेकलेला. म्हणजे जे पाणी तळाशी बसायचं तेच पहिल्यांदा टाकीत जायचं. टाकीच्या तोंडाची जाळीही गायब होती. डिझेल हळू जातं म्हणून कोणीतरी काढून ठेवली होती.

इथे एक प्रश्न उरत होता आणि तो महाग होता : पाण्यानं उच्च दाबाचा पंपही खाल्ला असेल का? पंप आतून झिजत असेल तर त्याचा कीस रेलमध्ये जातो आणि नवा इंजेक्टर पुन्हा पंधरा दिवसांचाच सोबती. प्रशिक्षकांनी जुना फिल्टर कापायला लावला. कागद पसरून उन्हात धरला, चुंबक फिरवलं. गंजाचा लालसर गाळ होता, पण धातूचा चमकता कीस नव्हता. तेवढ्यावर पंप वाचला असं धरून चालायचं ठरलं. हा निर्णय पुराव्यावर होता, पण खात्रीचा नव्हता, आणि मालकांना तसं स्पष्ट सांगितलं गेलं.

केलेली कामं

टाकी पूर्ण रिकामी केली, तळाचा गाळ काढला, जाळी नवी बसवली. दोन्ही फिल्टर बदलले. फिल्टर बसवताना काकांनी सवयीनं डब्यातून डिझेल ओतून तो भरायला घेतला होता. प्रशिक्षकांनी थांबवलं : वरून ओतलेलं डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जातं, म्हणजे न गाळलेलं थेट पंपाकडे. कोरडा फिल्टर बसवून हातानं प्रायमर (डिझेल ओढून घेणारा छोटा हातपंप) मारायचा. वेळ लागतो, हात भरून येतो. हे काम चौघांनी आळीपाळीनं केलं. सेन्सरचा कनेक्टर साफ करून परत जोडला.

त्यानंतर मशीन हळूहळू चालवत शेडमध्ये आणलं. तिथे जमीन धुऊन घेतली, टेक्निशियनला बोलावलं. या वेळी मुलांनी त्याच्या हातात बाटल्या आणि कापलेला फिल्टर दिला. त्यानं आधी लॅपटॉपवरून एकेक सिलिंडर बंद करून पाहिला, मग इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. ठरावीक वेळ इंजिन आयडलवर चालवल्यावर एका बाटलीत इतर तिघींच्या कितीतरी पट डिझेल जमलं, म्हणजे तो इंजेक्टर आतून गळत होता. तो मेच्या मध्यावर घातलेला नवाच इंजेक्टर होता. तो बदलला, त्याचा कोड कंट्रोलरमध्ये भरला.

निष्पत्ती

दोन दिवसांचे तीन झाले. मालकांनी चिडचिड केली, पण बॅकहो खाण बंद होईपर्यंत चालला आणि त्या हंगामात मिसिंग परतलं नाही. इंजेक्टरचे पैसे गेलेच. डिझेलमधल्या पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि कंपनीनं तेच कळवलं.

मालकांना खोटे टिक मारणाऱ्या मुलांना काढायचं होतं. प्रशिक्षकांनी अडवलं. त्यांचं म्हणणं, फॉर्मच असा होता की टपरीवर चहा पीत भरता येत होता. हे मला पटतं, मात्र पूर्ण नाही. फॉर्म कसाही असो, न पाहिलेल्या वस्तूपुढे टिक मारायची नाही हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, आणि ते कळलं नसेल तर ते शिकवणाऱ्याकडेही येतं.

फॉर्म बदलला. आता टिक नाही, लिहायचं : सेपरेटरमधून किती पाणी निघालं, बाटलीचा फोटो, बेल्ट दाबल्यावर किती आत गेला, ऑइलची पातळी डिपस्टिकवर कुठे. ज्याला हात लावल्याशिवाय उत्तर देता येत नाही तेवढेच प्रश्न ठेवले. रकाने निम्म्याहून कमी झाले. सकाळची फेरी ऑपरेटरबरोबर करायची आणि त्याला एक प्रश्न विचारायचाच : काल काय वेगळं जाणवलं? पहिल्या आठवड्यात ऑपरेटर वैतागला. नंतर त्यानंच लोडरच्या एका हायड्रॉलिक होजला ब्रॅकेट घासून आतली तार दिसायला लागल्याचं दाखवलं.

पोकलेनवर नवा फॉर्म टिकला. जुन्या बॅकहोवर दिवाळीपर्यंत पुन्हा तीच गत. एकसारख्या अक्षरात आठवड्याचे सगळे फॉर्म एका बैठकीत भरलेले. ते मशीन लांबच्या कामावर असतं, तिथे बघायला कोणी नसतं. चौघांपैकी एक मुलगा गोव्याला गेला, एक पुण्याला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला इंजेक्टर गेला तेव्हाच डिझेलचा नमुना घ्यायला हवा होता. कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर जाणं हा रोग नसतो, बहुतेक वेळा ते लक्षण असतं. नमुन्याला एक बाटली आणि अर्धा तास लागतो. टेक्निशियन हे विचारेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि टेक्निशियननं शेडवाल्यांनी पाहिलं असेल असं.

काकांना सुरुवातीपासून तपासणीच्या शिकवणीत घ्यायला हवं होतं. त्यांच्याकडचं अर्धं ज्ञान नव्या इंजिनाला घातक आणि अर्धं नेमकं हवं तेच, अशी विचित्र स्थिती आहे. कुठलं अर्धं कुठलं हे त्यांच्याबरोबर बसूनच वेगळं करता येतं. बंदरातून हायवेच्या शेडांत आलेले असे फिटर कोकणात गावोगाव आहेत.

तपासणीची परीक्षा प्रश्नपत्रिकेवर घेऊन उपयोग नाही. आता प्रशिक्षक मशीनवर आधीच काही दोष पेरून ठेवतात : रेडिएटरचं झाकण अर्धं बसवलेलं, एखादी ग्रीस निप्पल मातीनं बुजवलेली, सेन्सरचा कनेक्टर काढलेला. किती सापडतात ते मोजायचं. ब्रेक, स्टिअरिंग आणि आर्मच्या पिनांना मात्र कधीच हात लावायचा नाही, आणि परीक्षा संपल्यावर पेरलेला प्रत्येक दोष यादी हातात धरून परत काढायचा, त्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

बॅरलचा प्रश्न अर्धा सुटला आहे. पाइप कापून तळापासून चार बोटं वर केला, बॅरल ओंडक्यांवर आडवे ठेवले, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे, म्हणजे दोन्ही डिझेलखाली राहतात आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जात नाही. वापरातला एक बॅरल तेवढा उभा, पण पत्र्याखाली आणि थोडा कलता. बाऊझरवाल्याकडून (डिझेलचा छोटा टँकर घेऊन येणाऱ्याकडून) थेट मशीनमध्ये डिझेल भरून घ्यायचा विचार मालकांनी केला होता, पण सड्यावरची शेवटची चढण बाऊझर चढायला तयार नाही, आणि ती नीट करायची तर ग्रामपंचायतीशी बोलावं लागेल.